भिंतीवरचं तपकिरी वर्तुळ

"उस्तादांच्या चित्राची नक्कल? हात्तिच्या! बत्तीस वर्षं मी दुसरं केलं तरी काय?"

चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी काकांनी असं ठणकावून सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नकाशांच्या कचेरीत त्यांनी जन्मभर जुने नकाशे नव्या कागदावर उतरवले होते. एकदा शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी एक ठिपका घाण समजून गाळला, आणि तो ठिपका नेमकी विहीर निघाला! तो नकाशा घेऊन रानात गेलेली माणसं दोन दिवस कोरड्या घशाने सगळ्या कचेरीचा उद्धार करत होती. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला. दिसेल ते उतरवायचं, आपली अक्कल पाजळायची नाही.

वर्ग पाच जणांचा, तोही सगळा निवृत्तांचा. बाईंनी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यातल्या एका पानावर कुण्या जुन्या उस्ताद चित्रकाराचं चित्र होतं; त्यात जुन्या काळचा म्हातारा करड्या भिंतीशी बसून बूट शिवत होता. "हेच चित्र सगळ्यांनी काढायचं. मी महिनाभर लेकीकडे चाललेय. परत आले की सर्वांत चांगली नक्कल वर्गाच्या दारात लावीन!" पुस्तक एकच, आणि पहिला नंबर काकांचा.

घरी जेवणाच्या टेबलावर रंग, ब्रश, चिंध्या असा सगळा संसार मांडला गेला. चौथ्या दिवशी मांडीवर ताट घेऊन जेवता जेवता काकींचा पारा चढला.

"अहो, चित्र दारात लागलं तर टेबल कायमचं तुमचं. नाही लागलं तर हे सगळं माळ्यावर! आणि तोवर मी त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही!"

"कबूल!" काका म्हणाले.

म्हातारा झाला, बूट झाला, सुईदोरासुद्धा झाला. मग काका भिंतीकडे वळले आणि थबकले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर, करड्या भिंतीत, एक पुसट तपकिरी वर्तुळ होतं! तेही अर्धवट, खालच्या अंगाला जरासं तुटलेलं. काकांनी भिंग काढलं. घड्याळ म्हणावं तर काटे नाहीत. चंद्र म्हणावा तर घरात कसा? ओल म्हणावी तर इतकी गोल कशी? आणि सगळं वर्तुळ काढून उस्तादांनी तेवढीच फट का ठेवली असेल? काकांची झोप उडाली. आंघोळीला जायचे ते साबण हातात धरून विचार करत उभे राहायचे.

वर्गातले दातांचे डॉक्टर पुस्तक मागायला आले आणि पेन्सिलीने वर्तुळ आखलेलं काकांचं मोठं चित्र बघतच राहिले.

"काका, हा म्हाताऱ्याचा एकटेपणा! फट बघा ना. कुणीतरी निघून गेलंय!"

"असं म्हणता?" काकांच्या अंगावर काटा आला.

डॉक्टर म्हणाले, पुस्तकात फार बारीक दिसतं, मी तुमच्यावरूनच काढतो. मग उरलेले तिघंही काकांवरूनच काढायला लागले.

रंग मात्र काही केल्या जमेना. चार दिवस काकांनी तपकिरीत पिवळा घातला, काळा घातला, कपाळाला हात लावला. पाचव्या दिवशी काकी समोर चहा पीत होत्या. त्यांचा तो तळाचा टवका उडालेला जुना कप! दुसऱ्या कपातला चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. काकांनी कपात डोकावून पाहिलं आणि ते ताडकन उठले.

"अगं, हाच रंग! उस्तादसुद्धा चहाच वापरत असणार!"

"वापरेनात का! माझ्या कपात ब्रश बुडवलात तर याद राखा!"

बुडवला. आणि वर्तुळ हुबेहूब उतरलं!

बाई परत आल्या. भिंतीशी पाच चित्रं ओळीने मांडलेली, पाच म्हातारे, पाच वर्तुळं. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हे गोल काय आहे?"

झालं! काकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी एकटेपणा समजावला, फट समजावली, चहाचं रहस्यही फोडलं. डॉक्टर दर वाक्याला मान डोलवत होते. तेवढ्यात काकी थर्मासमध्ये सगळ्यांसाठी चहा आणि पिशवीत स्वतःचा कप घेऊन आल्या. त्यांनी चित्रं पहिल्यांदाच पाहिली. मग पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि अलगद त्या वर्तुळावर कप ठेवला.

बरोब्बर बसला! टवका फटीवर, फट टवक्याखाली.

"पुस्तक घरी आलं त्या संध्याकाळी टेकवला होता," काकी पुटपुटल्या. "टेबलावर जागा कुठे होती?"

"पण मला तर रडू आलं होतं!" डॉक्टर कळवळले.

काकांचे कान लाल झाले. बत्तीस वर्षांत एक चूक नाही, आणि आता एका दमात पाच! त्यांना टेबल हातातून निसटताना दिसू लागलं. बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग डोळे पुसत काकांच्या चित्राजवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हातारा ठीक आहे. असे मी शेकडो पाहिलेत. पण हा डाग बघा! कडेला गडद, आत फिका. एका डागाकडे इतके दिवस कोण बघतं हो? मला हेच तर शिकवायचं होतं! लावा दारात!"

काकांनी विजयी मुद्रेने काकींकडे पाहिलं.

"टेबल तुमचं," काकी म्हणाल्या. "पण डाग माझा आहे. निम्मं माझं!"

आता निम्म्या टेबलावर काकी जेवतात आणि निम्म्यावर काका रंगवतात. हद्द काही कपाला कळत नाही. म्हणून काका कुठलंही नवं चित्र उतरवायला घेतलं की आधी भिंग लावतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "अगं, इकडे ये जरा! हा उस्तादांचा, की तुझा?"