मूळ कार्यालयाचा दाखला

पदोन्नतीच्या यादीत आपलं नाव नाही, हे कृष्णकांत सबनीसांना सोमवारी सकाळी सव्वाअकराला कळलं. त्यांनी यादी दोनदा वाचली, कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली आणि मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं ज्या माणसाने जिल्ह्यातल्या सरकारी नोकरांच्या नोंदी डोळ्यांत तेल घालून ठेवल्या, त्याचंच नाव गाळायचं म्हणजे काय? मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. अधीक्षक होण्याची ही शेवटची संधी होती. नवीन पनवेलच्या फ्लॅटवर त्यांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, 'कार्यालय अधीक्षक' अशी पाटी आधीच ठोकून घेतली होती आणि यादी निघेपर्यंत तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं.

ते तडक उपसंचालक मिताली मॅडमच्या केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, हा अन्याय आहे. माझ्यामागून नऊ वर्षांनी लागलेला आर्यन यादीत आहे आणि मी नाही."

मॅडमनी स्क्रीनवर बराच वेळ शोधलं. "सबनीस, तुम्ही सिस्टीममध्येच नाही आहात."

"मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण आपल्या सक्षमीकरण केंद्राच्या रेकॉर्डला नाही आहात. तुम्ही अजून जुन्या मंडळातच दिसताय."

"आणि माझा पगार?"

"तो कोषागारातून जुन्या नंबरावर निघतो. त्याचा आपल्याशी संबंध नाही."

संतापायला सबनीसांना कारण होतं, पण दोष कुणाचा हे कळायला त्या कार्यालयाची वाटचाल माहीत हवी. सबनीस लागले तेव्हा ते 'सेवक व्यवस्था मंडळ' होतं. लोखंडी कपाटं आणि लाल फडक्यातली बासनं, एवढा त्याचा पसारा. पुढे कुणाला तरी 'सेवक' या शब्दाची लाज वाटली आणि मंडळ बरखास्त होऊन तिथे 'कार्मिक संचालनालय' आलं. त्याबरोबर एक कॉम्प्युटर आला आणि दोन वर्षं त्याच्यावरचं प्लास्टिक कुणी काढलं नाही. मग संचालनालयही गेलं आणि 'मनुष्यबळ सक्षमीकरण केंद्र' आलं. काचेचं दार बसलं, हसतमुख कसं राहावं याचं दोन दिवसांचं शिबिर झालं. खोली तीच राहिली, पंखा तोच राहिला आणि सबनीसही तेच राहिले.

प्रत्येक वेळी सगळ्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं जुन्या कार्यालयातून नव्या कार्यालयात, म्हणजे या कपाटातून त्या कपाटात, रीतसर नोंद करून हलवायची होती. ते काम सबनीसांचं. फक्त स्वतःच्या सेवापुस्तकात स्वतः नोंद करायची नाही, असा नियम होता आणि तो त्यांनी देवाधर्मासारखा पाळला. त्या टेबलावर दुसरा लिपिक कधी नेमलाच गेला नाही. त्यामुळे अख्खा जिल्हा दोनदा पुढे गेला आणि सबनीस एकटे बरखास्त मंडळात राहिले.

"यादी पाचला बंद होते," मॅडम म्हणाल्या. "तोवर दुसऱ्या लिपिकाने तुमची नोंद केली तर नाव घालते. आर्यन नको, तो स्वतःच यादीत आहे. दुसरी लिपिक कादंबरी, ती पुण्याला ट्रेनिंगला गेलीय. लिपिकपदाला पात्र शिपाई कुणी आहे का? आत्ता आदेश काढते."

एक होती. वेणू भोपी, उरणजवळच्या गावची. बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. तिची बढतीची फाईल गेली आठ वर्षं सबनीसांच्या खणात होती आणि तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लाल शेरा होता: 'मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला जोडावा.' वेणूला नेमलं होतं मंडळाने. दर दोन-तीन महिन्यांनी ती चहाचा कप ठेवता ठेवता विचारायची.

"साहेब, मंडळ म्हंजे हेच ऑफिस ना?"

"होतं."

"मग दाखला तुमीच द्या ना."

"मी केंद्राचा माणूस आहे, वेणू. मंडळाचा दाखला कसा देऊ?"

आठ वर्षं हे उत्तर ऐकून ती ट्रे उचलून निघून जायची.

आज सबनीसांनी तिला स्वतः हाक मारली, समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि सकाळचा सगळा प्रकार ऐकवला.

"म्हंजे तुमी मंडळाचेच हाव."

"दुर्दैवाने."

"आन् आठ वरसं दाखला देता येत व्हता."

सबनीसांनी खाकरून कोरा कागद ओढला. दाखला दहा मिनिटांत झाला, मंडळाचा शिक्का कपाटाच्या तळाशी सापडला आणि साडेतीनला वेणू भोपी लिपिक झाली. सबनीसांनी तिला आपली खुर्ची दिली, सेवापुस्तक पुढ्यात ठेवलं आणि ते घड्याळाकडे बघत उभे राहिले.

वेणूने पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"साहेब, मूळ कार्यालयाचा दाखला जोडला नाय."

"तो कुठून आणू?" सबनीसांचा आवाज चढला. "मंडळात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही."

"मग तुमीच द्या."

"स्वतःचा दाखला स्वतः कसा देता येईल? काही रीतभात आहे की नाही?"

"मी बी तेच म्हनते."

सबनीस तावातावाने पुन्हा केबिनमध्ये गेले. असला बिनडोक नियम सरकारात कोण करतं, हे त्यांना आजच्या आज लेखी हवं होतं. मॅडमनी दाखल्याच्या नियमाचं जुनं परिपत्रक फाईलमधून काढलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मसुदा: कृ. सबनीस. ते तिथेच उभ्याने पूर्ण वाचत राहिले. कुठे फट सापडेना. इतका पक्का मसुदा आता कुणाला जमत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

परत आले तेव्हा वेणूने त्यांचा खण रिकामा केला होता. टेबलावर तेवीस फायली होत्या आणि प्रत्येकीवर तोच लाल शेरा होता.

"ह्या सगळ्यांना मंडळाचाच दाखला लागतो," ती म्हणाली. "उद्या कुनी वाट काडून तुमाला केंद्रात आनलं, तर यांना दाखला देनारा कोन ऱ्हानार? आजच द्या."

सबनीसांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग टेबलासमोरच्या बाकावर, जिथे आजवर दाखला मागणारे बसत आले होते तिथे, ते बसले आणि सह्या करू लागले. तेविसावी सही झाली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. यादी बंद झाली होती.

घरी जाऊन त्या वर्तमानपत्राखालच्या पाटीचं काय करायचं, या विचाराने त्यांना एकदम थकवा आला.

"वेणू," ते सवयीने म्हणाले, "जरा चहा सांग."

वेणूने फायलीतून मान वर केली नाही.

"मी केंद्राची मानूस हाय, साहेब. मंडळाला चहा कसा देऊ?"