आनंदाबाईचे दात

आनंदाबाईने भाकरीचा पहिला घास तोंडात घातला, दोनदा चावला आणि ताट भिंतीवर फेकलं. मग डोळे मिटून, उजवा गाल कशालाही लागू नये अशी मान धरून बसली. समोर जेवणाऱ्या डोमाजीला वाटलं, भाजी बिघडली.

"मीठ तं बराबर हाय," तो म्हणाला.

आनंदाबाई काही बोलली नाही, तेव्हा तो घाबरला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, ती कधी गप्प बसली नव्हती. वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हा तिने अंगणात उभं राहून दोन्ही सरकारांना सुनावलं होतं. सगळ्या सेलूने ऐकलं होतं.

डोमाजी सेलूच्या बैलबाजारात दलाल होता. बैलाचा जबडा उघडायचा, दात पाहायचे आणि त्याची सगळी कुंडली सांगायची, हा त्याचा धंदा. जनावराचं वय, ताकद आणि मालकाचा खोटेपणा, सगळं दातांत दिसतं असं तो म्हणे. त्याने बायकोची हनुवटी धरली, तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि निकाल दिला, "उजवी दाढ. किडली."

आनंदाबाईने त्याला लाथ मारली. बैलही मारतात. डोमाजीने मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिला प्रेमदासकडे घेऊन गेला. प्रेमदास चौकात दात काढत असे.

"कुठं दुखते, बाई?" प्रेमदासने विचारलं.

"तिले काऊन विचारतं? मी सांगतो ना," डोमाजी म्हणाला. "उजवी, मागची."

आनंदाबाईला बोलायचं होतं. पण ओठ हलले की गालात कळ उठे. ती दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत राहिली.

"भेते," डोमाजी म्हणाला.

प्रेमदासने दाढ उपटली, धुतली आणि उजेडात धरली. "भाऊ, दाढ तं चांगली हाय."

"मंग बाजूची असन."

बाजूचीही चांगली निघाली. मग तिच्या पुढची काढली, तीही चांगली. दुखणं मात्र जागचं हललं नाही. डोमाजी चौथ्या दातासाठी आला तेव्हा प्रेमदासने चिमटा पेटीत टाकून झाकण लावलं. "आता मी हात लावत नाई. खड्डेच खड्डे करून ठेवले बापा. वर्ध्याले ने."

पण डोमाजीने तिला आधी गिरडच्या दर्ग्यावर नेलं, तिथे अंगातलं भूत उतरवतात. टेकडीवर चढेपर्यंत सगळं ठीक होतं. वर पोचल्यावर समोरून वारा आला, गालाला लागला आणि आनंदाबाई अशी किंचाळली की माणसं बाजूला झाली. एक म्हातारी पुढे आली. तिने आनंदाबाईच्या डोळ्यांत पाहून दरडावलं, "बोल, कोन हाय तू?"

आनंदाबाईने कळ सोसली आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बोलली, "मी आनंदी. हा माह्या नवरा. येडा हाय."

"खरं बोलून राह्यली," म्हातारी म्हणाली. "हिच्या अंगात कोनी नाई."

दिवाळीपर्यंत आनंदाबाई पार वाळली. भाकर सुटली होती, आंबिलीवर जगत होती. आंबीलही डाव्या बाजूने, मान वाकडी करून. तोंडही ती डावीकडचंच धुवायची. उजवा गाल धूर, घाम आणि शेजारणींनी जबरीने लावलेल्या लेपांनी काळा पडला होता. डोमाजी बाहेर जाताना तिचा पदर पुढे ओढायचा. लोक काय म्हणतील! घरात इतकं शांत असे की त्याला बाजारातून परत यावंसं वाटत नसे, आणि बाजारात मन लागत नसे. दोनदा त्याने म्हातारा बैल तरणा म्हणून सांगितला. दोनदा तरणा म्हातारा म्हणून.

शेवटी ती दोघं वर्ध्याच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात बाकावर बसली. नंबर जवळ आला तसा डोमाजी अस्वस्थ झाला. शिकलेला माणूस, त्याच्यासमोर असं अर्धं घाण तोंड? त्याने धोतराचं टोक मडक्यातल्या पाण्यात भिजवलं आणि पदराआड हात घालून तिचा उजवा गाल पुसला.

किंकाळी ऐकून डॉक्टर बाहेर आले. तोवर आनंदाबाईने डोमाजीच्या मुस्कटात दोन दिल्या होत्या.

"काय झालं?"

"दात, डाक्टरसाहेब. मी सांगतो..."

"तुम्ही गप्प बसा. बाई, तुम्ही दाखवा. कुठं दुखतं?"

आठ महिन्यांत हे दुसऱ्यांदाच कुणी विचारलं होतं. आनंदाबाईने बोट उचललं आणि गालापासून चार अंगुळं दूर थांबवलं. डॉक्टर त्या बोटाकडे बघत राहिले.

"दात दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. तुम्ही हातसुद्धा लावत नाही. कळ येते ती किती वेळ?"

तिने चुटकी वाजवली.

"वीज पडल्यासारखी? चावताना, बोलताना, वाऱ्याने?"

आनंदाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेही तिने डाव्याच गालावरचं पुसलं.

"चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं आहे," डॉक्टर म्हणाले. "फार थोड्यांना होतं. मिरगीवर देतात ती गोळी देतो. बहुतेक लागू पडेल."

"आन् दात?" डोमाजीने हळूच विचारलं.

"दात चांगले होते."

परतीच्या वाटेवर डोमाजी वाऱ्याला आडवा, तिच्या उजव्या बाजूला बसला.

पंधरा दिवसांनी एका सकाळी आनंदाबाईने सगळं तोंड धुतलं. दोन्ही गाल. पुसलं. मग ती डोमाजीसमोर येऊन बसली. "आता ऐका," म्हणाली, आणि सुरू झाली. आठ महिन्यांचं साचलेलं होतं. त्या दिवशी बाजार होता, पण डोमाजी गेला नाही. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला आणि ती मधेच थांबली की म्हणायचा, "मंग?"

पुढच्या उन्हाळ्यात डोमाजीची दाढ खरोखर किडली. गाल सुजला. दोघं प्रेमदासकडे गेली.

"कुठं दुखते, भाऊ?"

डोमाजीने तोंड उघडलं.

"तुमी उगे राहा जी," आनंदाबाई म्हणाली. "मी सांगतो."

तिने त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि पार आतपर्यंत पाहिलं.

"तीन काढा."

डोमाजी दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणायला लागला.

"भेते," आनंदाबाई म्हणाली.