अप्पांच्या नावावरच्या चुका

एका जंगलात रस्ता नव्हता, पण वायफाय होतं. असं कसं, ते विचारू नका मुलांनो. आधी काय आणायचं हे तिथले वडीलधारे ठरवत, आणि त्यांना कारण विचारलं की ते नुसते खाकरत.

त्या जंगलात तुरतुरी नावाची एक खार सातवीत शिकत होती. तिला नदीपल्याडच्या मोठ्या शाळेत जायचं होतं. त्यासाठी गणिताची परीक्षा होती. तिचे आजोबा अप्पा स्पष्ट म्हणाले होते, "पास झालीस तर जा. नापास झालीस तर शिक्षण पुरे. वखारीत बसून शेंगा निवडायच्या."

तुरतुरीचं घोडं अडलं होतं ते क्षपाशी. आकड्यांच्या पंगतीत हे अक्षर कोणी बसवलं, तेच तिला कळत नव्हतं.

मग वर्गावर नव्या साळुंकीबाई आल्या. त्यांनी मुलांना टॅबवर सरावाची एक वेबसाइट उघडून दिली. म्हणाल्या, "इथे भरपूर चुका. तुम्ही कुठे चुकता ते बघूनच ती पुढचं शिकवते."

तुरतुरी घरी आली आणि आनंदाने चुकायला बसली.

पहिला प्रश्न आला. दोन क्ष अधिक तीन बरोबर अकरा, तर क्ष किती? तुरतुरीने दोन आणि तीन मिळून पाच क्ष केले. उत्तर लिहिलं, 'दोन आणि थोडंसं'.

पडद्यावर लाल फुली उमटली. आता वेबसाइट काहीतरी समजावणार, एवढ्यात अप्पा मागून ओरडले.

"लाल? आपल्या घराण्यात लाल?"

त्यांनी टॅब ओढून घेतला. बोटं मोजली, ती संपल्यावर शेपटीचे केस मोजले आणि चार लिहिलं. हिरवी चांदणी चमकली.

"हं. शिकलीस?"

"नाही अप्पा. चार कुठून आले?"

"बरोबर आले ना? मग कुठून आले याच्याशी काय करायचंय तुला? आमच्या वेळी एवढं विचारायची हिंमत नव्हती."

ती नव्हती म्हणूनच रस्ता नव्हता. पण तुरतुरी हे मनातच म्हणाली.

घरोघरी हेच झालं. लाल फुली दिसली की वडीलधारे टॅब काढून घेत. रोज पालकांच्या ग्रुपवर मुलांच्या चांदण्यांची यादी येई, आणि तिथे नाक कापून घ्यायला कोणी तयार नव्हतं. वेबसाइट बिचारी भोळी. तिला वाटलं, पोरं फारच हुशार आहेत. ती आणखी अवघड प्रश्न देऊ लागली. ससेकाका कंस सोडवत बसले आणि तोवर त्यांचं गवत वाळून गेलं. तरी पालकसभेत सगळे छाती फुगवून म्हणाले, "आमची मुलं कुठल्या कुठे गेली!"

मुलं तिथेच होती. पाच क्षपाशी.

परीक्षा जवळ आली तशी तुरतुरीला रात्रंदिवस शेंगा दिसू लागल्या. एका दुपारी अप्पा घोरत असताना तिने टॅब हळूच उचलला आणि नवं खातं उघडलं. वेबसाइटने विचारलं, विद्यार्थ्याचं नाव?

स्वतःच्या नावावर एक फुली जरी आली तरी घर डोक्यावर घेतलं जाणार होतं. तिने झोपलेल्या आजोबांकडे पाहिलं आणि लिहिलं, 'अप्पा'.

पुन्हा तोच पहिला प्रश्न आला आणि ती मनसोक्त चुकली. पुन्हा फुली आली, पण या वेळी फुलीमागून चित्र आलं. दोन बंद डबे आणि शेजारी तीन सुटी बोरं. खाली प्रश्न होता, हे पाच डबे आहेत का?

"छे! डबे दोनच आहेत!" तुरतुरी एवढ्याने ओरडली की अप्पांनी कूस बदलली. अकरातून सुटी तीन बोरं बाजूला काढली. उरली आठ. दोन डब्यांत सारखी वाटली. एका डब्यात चार! क्ष म्हणजे झाकण लावलेला डबा, एवढंच होतं तर.

तिने ही युक्ती वर्गात सांगितली. आठवडाभरात जंगलातले सगळे वडीलधारे वेबसाइटवर विद्यार्थी झाले, आणि दणकून चुकू लागले.

साळुंकीबाईंनी नवी यादी पाहिली, तुरतुरीकडे पाहिलं, आणि चोचीतलं हसू गिळलं.

"तुरतुरी, अप्पांना सांग, आधी कंस सोडवा."

"सांगते बाई. अप्पा वजाच्या चिन्हाला घाबरतात."

"मग आज त्यांना वजाचीच गणितं देते."

परीक्षा झाली. तुरतुरी पास झाली, तिचा अख्खा वर्ग पास झाला.

लगेच सत्कार ठरला. मुख्याध्यापक हत्तीसरांनी वेबसाइटची संपूर्ण यादी पडद्यावर लावली. अप्पांच्या नावापुढे फुल्याच फुल्या.

"माझ्या नावावर एवढ्या चुका? कोणी केल्या?" अप्पा ताडकन उठून ओरडले.

"मी केल्या, अप्पा," तुरतुरी उभी राहून म्हणाली. "त्याशिवाय पास झाले नसते."

तेवढ्यात हत्तीसरांनी शेवटची ओळ वाचली. "सर्वाधिक प्रगती करणारा विद्यार्थी, अप्पा!"

अप्पांचा आवाज एकदम खाली आला. ते खाकरले. मग सावकाश मंचावर गेले, शाल पांघरून घेतली, नारळ काखेत धरला आणि माइक हातात घेतला.

"चुकांना घाबरू नये, हे मी नातीला पहिल्यापासून सांगत आलो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ससेकाकांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. साळुंकीबाईंना ज्येष्ठांची खोटी खाती चालू दिल्याबद्दल नोटीस मिळाली.

तुरतुरी भाषण संपेपर्यंत थांबली नाही. तिने दप्तर उचललं आणि ती नदीकडे पळाली.

तात्पर्य : मुलांनो, चुका नेहमी वडीलधाऱ्यांच्या नावावर कराव्यात. त्यातून आलेलं यश ते तसंही स्वतःच्याच नावावर करून घेतात.