अप्पांची माशी

आमचे शेजारी विरूपाक्षअप्पा सुपात शिसं निवडायचे. तूर नव्हे, हरभरा नव्हे, शिसं. एअर पिस्तुलाचे छर्रे. लातूरच्या आडत बाजारात जन्म गेलेला माणूस. हातात काहीही द्या, आधी त्यातला खडा शोधणार. डबा सुपात ओतायचा, एकेक छर्रा चिमटीत धरायचा, मागचा घेर दबलाय का बघायचं आणि आरशाच्या काचेवरून घरंगळत सोडायचा. वाकडा गेला की बाद. "दाणाच किडका आसंल तर नेम धरून काय उपेग, गुरुजी?"

गुरुजी म्हणजे मी. मला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण निशाणाचे कागद बदलायला त्यांना माणूस लागायचा आणि शाळा सुटल्यावर मला घरी करमत नसे.

टोकदार छर्ऱ्यांवर त्यांचा भारी राग. "टोकाचा छर्रा कागद टरकावतो. सपाट तोंडाचा बघा, कसं गोल भोक पाडतोय!" एकदा त्यांनी छर्रे धुवायला काढले. नेमक्या तेव्हाच अक्का, म्हणजे त्यांची बायको, टँकरवरून घागर घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "मानसाला प्यायला न्हाई, आन् शिशाला आंघूळ?" त्या दिवसापासून छर्रे कोरडेच पुसले जाऊ लागले.

दुष्काळ हटायचं नाव घेत नव्हता. बाजारात माल नाही, अप्पांचं गोदाम रिकामं, म्हणून तर दहा मीटरवर निशाण टांगायला जागा मिळाली होती. वीज आमच्याकडे जाण्यासाठीच यायची. त्यावरही अप्पांचं शास्त्र तयार: दोन कंदील निशाणाच्या दोन बाजूंना, आपण अंधारात, आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर पुठ्ठा. तो पुठ्ठा काढायचं विसरून ते बाजारातही जात. कुणी हसलं की म्हणत, "महादेवाला तीन लागतात. आपलं एकावर भागतंय." आणि मुख्य मंत्र हा: "निशाण पुसट दिसलं तरी चालतंय. माशी लख्ख दिसली पायजे."

माशी म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा. त्यावरून नेम धरतात. हे अक्कांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. अप्पा गोदामातून ओरडले, "माशी दिसंना!" की अक्का खांद्यावर टॉवेल टाकून धावत येत. "दिसंना म्हंजे? बसली आसंल कुठंतरी!" भिंती, खांब, अप्पांची पाठ, सगळीकडे टॉवेल झटकून होई. "गेली बघा. मारा आता." मी पोट धरून हसायचो. अप्पाही हसत, पण खुलासा करीत नसत.

अशात उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. नळाला पाणी यायच्या आधी गावाला कलेक्टर आला. पेढे वाटले, आणि पेढे खाऊन प्यायला पाणी मागायची लोकांना चोरी झाली. काही दिवसांनी जिल्ह्याची पहिली नेमबाजी स्पर्धा जाहीर झाली, तशी अप्पांनी निवडक छर्ऱ्यांची एक डबी देवापुढे नेऊन ठेवली. "आजवर उस्मानाबादच्या नावानं मारलं. एकडाव लातूरच्या नावानं कागदाला भोक पाडायचंय, गुरुजी. मंग पिस्तूल ठिवून देतो."

त्यानंतर 'माशी दिसंना' ही आरोळी फार वाढली. कंदील वाढवले तरी तेच, वीज आली तरी तेच. मी वीजवाल्यांना शिव्या देत राहिलो.

स्पर्धा भर दुपारी होती. शाळेचा हॉल, पडदे नसलेल्या खिडक्या, आणि पाऊस विसरलेल्या आभाळाचं पांढरंफेक ऊन. अप्पांनी हात उचलला, खाली घेतला. पुन्हा उचलला. शेजारचे धडाधड मारत होते. मग अप्पा हळूच म्हणाले, "माशी दिसंना."

मागच्या बाकावरून अक्का टॉवेल घेऊन उठल्या. हॉल हसला. पंचांनी त्यांना खाली बसवलं. मला मात्र हसू आलं नाही. अप्पांनी मारायला सुरुवात केली. सगळे निवडक छर्रे संपले. कागद कोरा.

"उजेड कमी हाय," अप्पा म्हणाले.

"हाव अप्पा, लई कमी हाय," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांना ते ऊन सोसवत नव्हतं.

परतताना अक्का पुढे चालत होत्या. अप्पांनी माझा दंड धरला होता. "नांदेडच्या डाक्टरला दावलं होतं. काचबिंदू म्हनला. गेलेली नजर माघारी येत न्हाई, ऱ्हायलेली बी टिकायची न्हाई."

"आणि अक्कांना?"

"तिला माशीच वाटू द्या, गुरुजी. पान्यापायी आधीच बेजार हाय ती."

मी मान डोलावली. ती त्यांना दिसली नसावी, म्हणून तोंडानंही हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर अप्पा सुपापुढे बसून नुसत्या बोटांनी छर्रे चाचपत होते. अक्का शेजारी होत्या. "माशी हाय वाटतं," म्हणत त्यांनी टॉवेल उचलला. जनावरं छावणीला गेल्यापासून आमच्या गल्लीत माशी औषधालाही उरली नव्हती. अक्कांनी तो टॉवेल अप्पांच्या डोळ्यांपुढून, वारा लागणार नाही इतका सावकाश फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. अप्पांची नजर सुपातच होती. पापणी लवली नाही.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"गेली बघा," त्या अप्पांना म्हणाल्या.