आदर्श पत्नीचे खांदे

फ्लॉरेन्समध्ये नवरीची कपड्यांची पेटी चित्रांनी रंगवायची, तर शालीनता कचेरीची परवानगी लागते. मी तिथला कारकून. मेसेर उबाल्दोंनी होणाऱ्या सुनेच्या पेटीसाठी एक जुनी गोष्ट निवडली होती: राजा राणीला तीनदा घराबाहेर काढतो आणि ती दर वेळी जाताना उंबरा झाडून जाते. गोष्ट बोधप्रद असल्यामुळे अर्ज तत्काळ मंजूर झाला.

अडचण एवढीच, की चित्रकारासमोर बाईने बसणे सभ्यतेला धरून नाही. सबब राणी म्हणून नेन्चो खाटीक बसला. चर्चच्या नाटकात तो नऊ वर्षं कुमारिका संतिणीचं काम करत होता, त्यामुळे अनुभवाचा प्रश्न नव्हता. चित्रकार बाच्चोने त्याची दाढी ओढणीत दडवली. खांदे मात्र होते तसे रंगवले, माणूस प्रामाणिक.

पेटी पाहून अख्खी गल्ली रडली. "बाई असावी तर अशी!" उबाल्दो डोळे पुसत म्हणाले. मग त्यांची नजर नवरीमुलीकडे, जिनेव्राकडे, गेली. "हिचे खांदे केवढेसे!"

त्यांनी लग्न थांबवलं आणि कचेरीत तक्रार गुदरली. मी जातीने मोजमाप केलं. मुलगी खांद्यांत सव्वा वीत कमी भरली. शेरा मारला: 'स्त्रीत्व अपुरे. सुधारणेस वाव आहे.'

"अहो, तो नेन्चो आहे! काल आम्ही त्याच्याकडून मटण आणलं!" जिनेव्रा ओरडली.

"आवाज चढतो," मी पुढे लिहिलं. चित्रातल्या राणीबद्दल अशी एकही तक्रार नव्हती.

पोरगी रडकुंडीला आली. लग्न मोडलं असतं तर तिची रवानगी थेट मठात झाली असती. मलाही वाईट वाटलं, म्हणून मीच तोडगा काढला: नेन्चोकडे महिनाभर शिकवणी. परपुरुषाकडे शिकवणी कशी, असा आक्षेप आला. पण दप्तरी नेन्चोची नोंद 'राणी' अशी असल्याने तो फेटाळण्यात आला.

"मान खाली घाल, पोरी. अजून. हाकललं की हसायचं, पण दात दाखवायचे नाहीत," नेन्चो सुरी पुसत शिकवायचा.

"तुझी बायको अशी वागते?"

"ती? ती मला बदडते! पण ती कुठे चित्रात बसलीय?"

लग्न लागलं. जिनेव्रा आता मान वर करत नाही, शब्द काढत नाही. "काय उपजत बाईपण आहे!" असं उबाल्दो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. नेन्चोच्या दुकानापुढे उपवर मुलींची रांग असते.

हसलात? हसा. फक्त घरात कुणाला "बाईसारखी वाग" म्हणताना आपण कुठला खाटीक डोळ्यांपुढे धरता, तेवढं या कचेरीला लेखी कळवावं.