शेवंतीचे सात टाके

बाळकुमात ऑपरेशन टाक्यांवर मोजतात. हे माप कुणी ठरवलं ते सांगता येत नाही, पण सगळ्यांना मान्य आहे. दूध लिटरवर, कापड मीटरवर, तसं ऑपरेशन टाक्यांवर. माणूस दवाखान्यातून घरी आला की त्याला काय झालं होतं, कुणी बरं केलं, हे कुणी विचारत नाही. टाके किती पडले, एवढंच विचारतात. दामाजीकाकाचं अपेंडिक्स काढलं तेव्हा त्याला नऊ पडले होते. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तरी हळदीच्या मांडवात तो सदरा वर करतो आणि नव्या सोयऱ्यांना एकेक मोजून दाखवतो. शेजारच्या सगुणेला सिझेरियनचे बारा. त्या बारांच्या जोरावर ती अजून नळावर रांगेत उभी राहत नाही. पाचाच्या आतले टाके असतील तर माणूस सहसा विषय काढत नाही.

गुणाजी केणी याच गावचा. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत तो फिटर होता आणि त्याची बायको शेवंती बाजारात मासळी विकायची. गावात नुकत्याच केबलच्या वायरी पडायला लागल्या होत्या, त्या वर्षीची ही गोष्ट. पावसाळा सरला आणि शेवंतीच्या ओटीपोटात दुखायला लागलं. ओटीपोट हा शब्द बाईनं पुरुष डॉक्टरसमोर काढायचा नसतो. म्हणून तिनं नुसतं पोट सांगितलं, आणि नाक्यावरच्या डॉक्टरनं पोटाचं औषध दिलं. त्यानं गॅस म्हटलं, गुणाजीनं गॅस म्हटलं, सासूनं ओवा दिला. शेवंती डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जात राहिली. ताप यायचा, जायचा, मग जायचा बंद झाला. एका दुपारी ती कमरेत वाकून, भिंतीला धरून चालताना गुणाजीनं पाहिली आणि रिक्षा आणली.

ठाण्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला नेलं. नाव सांगत नाही. तुमच्या जवळचं जे असेल ते धरून चाला.

तिथे डॉक्टर कारखानीस म्हणून एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच मुंबईहून शिकून आलेले. त्यांनी सोनोग्राफी केली आणि गुणाजीला आत बोलावून दोघांना सांगितलं, की ओटीपोटात, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, पू साचलाय. पूर्वी यासाठी पोट उघडायला लागायचं. आता पडद्यावर बघत बघत सुई आत न्यायची, तिच्या वाटेनं एक बारीक नळी सोडायची आणि नळीला बाहेर पिशवी लावायची. पू आपोआप पिशवीत येत राहतो. सगळा निघाला, ताप थांबला, की नळी ओढून घ्यायची. तोवर मात्र नळीला कुणी हात लावायचा नाही.

गुणाजीला हे पटलं. पाइपात साठलेलं पाणी काढायला तोही सगळा पाइप कापत नसे. शेवंतीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग टाके?"

"एकही नाही," डॉक्टर कौतुकानं म्हणाले.

शेवंतीचा चेहरा उतरला. "एक तरी घाला, सायेब," ती म्हणाली. डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ते हसले.

नळी घातली. पिशवीत जे आलं ते बघून गुणाजीला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. पण त्या रात्री शेवंती इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा पाय लांब करून झोपली. ताप उतरला. सकाळी तिनं बोंबलाचं कालवण मागितलं, आणि कारखानीस खाट सोडून पुढे गेल्यावर नवऱ्याला हळूच म्हणाली, की ही नळी म्हणजे माहेरच्या माणसासारखी आहे, न विचारता सगळं दुखणं बाहेर काढते.

दुपारी गुणाजीची आई आणि बहीण मालू शहाळी घेऊन आल्या. शहाळी ऑपरेशनची असतात. तापाला बिस्किटाचा पुडा नेतात.

"कवरे टाके परले गो?" सासूनं बसता बसता विचारलं.

"नाय परले, आये. नळी घातलीय."

सासूनं शहाळ्यांकडे पाहिलं. मालूनं चादर उचलून स्वतः खात्री करून घेतली. "मंग ऑपरेशन कशाचा? विंजेक्शनच जाला ना ता," ती म्हणाली. "आन् आमी आपली रिक्षा करून आलो."

दोघी थोडा वेळ बसल्या. मग एक शहाळं शेवंतीजवळ ठेवून बाकीची त्यांनी पलीकडच्या खाटेवरच्या ओळखीच्या बाईला दिली. तिला अकरा होते. संध्याकाळपर्यंत गावात कळलं की गुणाजीच्या बायकोला काही झालेलं नाही, टोपली टाळायला ती सरकारी खाटेवर जाऊन पडलीय. कंपनीत सुपरवायझरनं गुणाजीला विचारलं, टाके नाहीत तर तुझी रजा कशासाठी. गुणाजीनं नळीचं सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, नळी माझ्या घरीपण आहे.

इथवर गोष्ट गावाची होती. गाव अडाणी आहे असं म्हणून ती सोडून देता आली असती. पण रुग्णालयात सगळे शिकलेले होते.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नियम असा होता, की ज्याला टाके त्याला खाट, आणि टाके काढले की खाट रिकामी. नियम चांगला होता. कुणी उगाच जास्त राहत नसे आणि कुणाला लवकर काढता येत नसे. शेवंतीच्या बाबतीत मात्र त्याच्यापुढे पेच पडला. तिचे टाके निघायचे नव्हते, त्यामुळे ती कधी जाणार हे ठरेना. आणि टाके पडलेच नव्हते, त्यामुळे ती आली कधी हेही नियमाप्रमाणे ठरत नव्हतं. वॉर्डच्या सिस्टरनं तिला औषधोपचाराच्या वॉर्डात पाठवलं. तिथल्या सिस्टरनं नळी पाहिली आणि म्हणाली, नळी म्हणजे शस्त्रक्रिया, परत न्या. शेवटी तिची खाट दोन वॉर्डांच्या मधल्या बोळात ठेवली गेली. येणारे-जाणारे पिशवीला धक्का देत जात.

कारखानीसांना हे कळलं असतं तर ते भांडले असते. पण त्या आठवड्यात मुरबाडकडे कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं, जिल्ह्याचा आकडा कमी पडत होता, आणि त्यांना तिकडे पाठवलं होतं. तिथे टाके होते.

अशात पाहणी समिती येणार असं पत्र आलं. अधीक्षकसाहेब स्वतः वॉर्डातून फिरले आणि बोळात शेवंतीच्या खाटेपाशी थांबले. अधीक्षक कठोर नव्हते. बाईला आजारी असताना घरी पाठवणं त्यांच्या मनाला पटेना. बिनटाक्याची बाई समितीला दाखवणं मात्र शक्यच नव्हतं. त्यांनी गुणाजीला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली.

"हे बघा केणी," ते म्हणाले, "तुमच्या मिसेसना खाट मिळावी ही माझीही इच्छा आहे. फक्त त्या नियमात बसत नाहीत. आपण त्यांना बसवून घेऊ. चार टाके घालू."

"कुठे, साहेब?"

"पोटावरच. उगाच हातावर घालून चालणार नाही, समितीत डॉक्टर असतात."

"पण कापलंच नाय तर टाके कशाला घालणार?"

"कापू ना," अधीक्षक समजुतीनं म्हणाले. "तेवढं आम्ही करू."

गुणाजीनं शेवंतीला विचारलं. त्याला वाटलं ती नाही म्हणेल. ती बराच वेळ बोळातून जाणारी माणसं बघत राहिली. मग म्हणाली, "चारानी काय व्हतंय? मालूला प्रसूतीत पाच होते. घालायचेच तर सात तरी घालू दे."

अधीक्षकांनी सात मंजूर केले. दुसऱ्या दिवशी तिला टेबलावर घेतलं, तेव्हा अडचण लक्षात आली. नळी नेमकी टाक्यांच्या जागेत येत होती. हाताखालच्या डॉक्टरनं विचारलं, टाके जरा बाजूला घेऊ का. अधीक्षक म्हणाले, टाके ओळीत यायला हवेत. नळी काढली.

गुणाजीला ती पिशवी बादलीत पडलेली दिसली. तो अधीक्षकांच्या मागे जिन्यापर्यंत गेला.

"साहेब, कारखानीस डॉक्टर म्हणालेले, नळीला हात लावायचा नाय."

"नळी हा उपचार होता, केणी. तो कुणालाही करता येतो," अधीक्षक म्हणाले. "आता तुमच्याकडे पुरावा आहे."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. शेवंतीला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. समिती आली आणि समाधानानं गेली. कंपनीनं रजा दिली. बाळकुमातून टेम्पो भरून माणसं आली, सासूनं सुनेच्या कपाळावर हात ठेवला, शहाळी खाटेखाली मावेनात. दामाजीकाकानं टाके पाहिले आणि म्हणाला, माझ्यापेक्षा दोन कमी आहेत, पण काम साफ आहे. मालूनं पुन्हा चादर उचलून मोजले. शेवंती हसली. तिचे दात वाजत होते.

ताप परत आला होता. सिस्टर रोज टाके बघायची. टाके कोरडे होते, लाल नव्हते, कुठे पू नव्हता. पू सगळा आत होता, पण आत बघायचा नियम टाके निघाल्यावरचा होता. शेवंती पुन्हा पाय पोटाशी घ्यायला लागली. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं गुणाजीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "अवो, त्यांना सांगा, नळी परत घाला. ती व्हती तवा बरा वाटत व्हता."

गुणाजीनं सांगितलं. सिस्टरला सांगितलं, हाताखालच्या डॉक्टरला सांगितलं. कारखानीस शिबिरातून आले तेव्हा त्यांना दारातच गाठून सांगितलं. ते तसेच, बॅग खाली न ठेवता, वॉर्डात धावले. चादर उचलली आणि नळीच्या जागी टाके पाहिले. त्यांनी नळीची तयारी करायला सांगितलं. सिस्टर म्हणाली, ज्यांचे टाके त्यांच्या परवानगीशिवाय त्या पोटाला हात लावता येणार नाही. अधीक्षक पुण्याला परिषदेला गेले होते. जुनी आणि नवी पद्धत एकाच रुग्णावर कशी वापरावी, यावर त्यांचं भाषण होतं. कारखानीस फोन लावत राहिले. फोन लागला तेव्हा भाषण चालू होतं, आणि भाषण संपलं तेव्हा गरज उरली नव्हती.

टाके असलेलं माणूस वॉर्डाबाहेर सोडता येत नाही, म्हणून सिस्टरनं पडदा ओढला आणि सातही टाके काढले. बाहेर येऊन ती गुणाजीला म्हणाली, की जखम फार छान भरली होती. मग खाट रिकामी झाली.

दहाव्याला घर भरलं होतं. गाव हळहळत होतं. दूरचा एक पाहुणा कल्याणहून आला होता, त्याला काही माहीत नव्हतं. तो गुणाजीशेजारी बसला आणि त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "ऑपरेशन झालेलं ना? किती टाके?"

"सात," मालूनं सांगितलं.

"मग," पाहुणा मान हलवत म्हणाला, "डॉक्टरांनी काही कमी केलं नाही म्हणायचं. आपल्याच नशिबात नव्हतं."

सगळ्यांना ते पटलं. कुणीतरी चहा पुढे केला. गुणाजीनं वर पाहिलं. शेवंतीनं शेवटी काय मागितलं होतं, हे इथे कुणी तरी विचारेल म्हणून तो वाट बघत होता. कुणी विचारलं नाही.

त्या लोकांना हसू नका. शेवंतीचे टाके किती होते, ते तुम्हालाही न बघता सांगता येईल. तिनं काय मागितलं होतं, त्यासाठी मात्र गोष्टीत पुन्हा मागे जाऊन बघावं लागेल.