बुधवारचा चिकू

आमच्या शेजारच्या जगूभाऊंनी दिलेला चिकू मनाला येईल तेव्हा खाता येत नाही. प्रत्येक चिकू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला असतो आणि आत बारीक अक्षरात चिठ्ठी असते : 'गुरुवार, दुपारच्या जेवणानंतर. खाल्ल्यावर कळवणे.' बुधवारी खाल्लात तर चीक ओठांना चिकटतो, आणि शुक्रवारपर्यंत ठेवलात तर जगूभाऊ दारात उभे राहतात.

"डोस चुकला की गुण गेला! बराबर ना?"

जगूभाऊंची सगळी नोकरी कासा भागात कंपाउंडर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर औषधं सुटली, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. डहाणूत ते एकटेच राहतात आणि घरामागे चिकूची तीन झाडं आहेत. ते फळ नखानं खरवडतात, मग कानाशी नेतात (का, ते मला आजवर कळलेलं नाही) आणि निकाल देतात, "हा सोमवारी पिकणार." आणि तो मेला सोमवारीच पिकतो! मला खरा राग त्याचा येतो. एकदा तरी चुकावं माणसानं.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते आले. "मास्तर, शनिवारी गाडी काढ. मुंबईला नाटक बघायला जायचंय."

"कुठलं नाटक?"

"ते आपल्याला काय करायचंय? थेटर मन्याच्या घरासमोर आहे."

मन्या म्हणजे मनोहर, त्यांच्याच दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. तीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले. बायको गेल्यावर मुलानं मनोहरला मुंबईला नेलं आणि हळूहळू त्याचे फोन बंद झाले. जगूभाऊंनी केला तर 'हं', 'बरं', 'ठेवतो'.

"असा नव्हता रे तो. जीप चिखलात रुतली तरी हसायचा," जगूभाऊ म्हणाले. "एकदा हसला ना, की माणूस जाग्यावर आला समज."

शनिवारी निघालो. मनोहरसाठीच्या चिकूंची पिशवी जगूभाऊंच्या मांडीवर. "खड्डा चुकव, मंगळवारला मार बसेल!" चारोटीच्या पुढे मी एसी लावला, तर त्यांनी लगेच बंद केला. "रविवार थंड पडेल ना! उद्या पिकायचाय तो." रविवार पिकावा म्हणून मी मुंबईपर्यंत घामानं निथळत होतो.

मनोहर पाचव्या मजल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसला होता. मुलगा-सून अगदी प्रेमळ. पण मनोहर "आलास?" म्हणाला आणि संपला. पुढचा तासभर दोघांच्या वाटचं जगूभाऊच बोलले.

दुपारी नाटक. पडदा वर गेला तर स्टेजवर सगळे पांढऱ्या कपड्यांत, कुणीतरी गेलेलं! बायको गेलेल्या माणसाला आम्ही हे दाखवायला आणलं होतं. मी जगूभाऊंना कोपर मारलं.

"अरे, बोर्डावर तर सगळे हसत होते!" ते कुजबुजले.

मनोहर समोर बघत होता. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. जगूभाऊंनी पिशवी छातीशी आवळली. मध्यंतरात बटाटेवडा आला, तोही मनोहरनं परत केला.

दुसऱ्या अंकात नायिका वडिलांच्या खुर्चीजवळ गप्प उभी राहिली. सगळं नाट्यगृह श्वास रोखून होतं. तेवढ्यात आमच्या पायाशी 'टप्' झालं आणि काहीतरी उतारावरून गडगडत थेट पुढच्या रांगांकडे निघालं. जगूभाऊंनी अंधारात पिशवी चाचपली, एकेक गुंडाळी बोटांनी ओळखली आणि कुजबुज म्हणून जे ओरडले, ते स्टेजपर्यंत गेलं :

"अरे, बुधवार गेला!"

लोक वळले.

"पुढच्यांनी खाऊ नका हां! कच्चा आहे!"

मी खुर्चीत शक्य तेवढा खाली सरकलो. आणि डावीकडून फुर्रकन आवाज आला. मनोहर! तोंडात रुमाल कोंबून, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होता. चिकू रांगेरांगेतून, हातोहात, मोठ्या अदबीनं परत आला. ती बिचारी नायिका तोवर थांबली.

"जग्या," मनोहर धापा टाकत म्हणाला, "तू मेल्या नाही सुधारायचास!"

त्यानंतर जगूभाऊंनी नाटक बघितलंच नाही. मनोहरकडे बघत बसले.

रविवारी सकाळी निघताना त्यांनी सात गुंडाळ्या मनोहरच्या हातात दिल्या. मनोहरनं एक उघडून चिठ्ठी वाचली. "'खाल्ल्यावर कळवणे.' सातही वेळा?"

"डोस चुकला की..." जगूभाऊ तडक गाडीत जाऊन बसले.

मनोर गाव मागे पडलं. मग ते काचेबाहेर बघत म्हणाले, "मास्तर, सात दिवस तरी फोन येईल ना रे?"

मला एकदम माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांचे चिकू खाल्ले, चिठ्ठ्यांवरून टिंगल केली, आणि एकदाही कळवलं नाही. भिंतीला भिंत लागून घर, त्यात काय कळवायचं, असं वाटायचं.

त्या दुपारी जेवणानंतर मी माझा रविवारचा चिकू खाल्ला आणि भिंतीपलीकडे फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"जगूभाऊ, चिकू खाल्ला. गोड होता."

पलीकडून खाकरून, अगदी कंपाउंडरच्या आवाजात, त्यांनी विचारलं,

"बिया किती निघाल्या? मन्याच्यात तीन होत्या."

मी फोन तसाच धरून ताटातल्या बिया मोजायला गेलो.